मूळ भूमी कोणती, नवगाव की यरुशलेम? घरातल्या मतभेदांचं तुम्ही काय करता?

ठाण्याची_थोरली

शालोम आणि नमस्कार.

यंदा पेसाहला, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, इस्राएलमधल्या अश्दोदहून मोठे मामा आमच्याकडे आलेत. वय ७४. १९७१ मध्ये गेले, त्यानंतर सणाला इथे असण्याची ही त्यांची दुसरीच वेळ. पहिल्या रात्री हग्गादा, म्हणजे त्या सुटकेची पोथी, वाचून संपत आली. शेवटी सगळे मिळून "पुढच्या वर्षी यरुशलेमात" म्हणतो. माझी भाची पुण्यात शिकते, ती तेवढ्यावर गप्प बसली. मामांनी विचारलं, "का गं, म्हटलं नाहीस?" ती म्हणाली, "गाझामधली पोरं रात्री पोटभर जेवून झोपायला लागली की म्हणेन." मामा ताटावरून उठले. त्यांचा नातू सैन्यात आहे.

आज चौथा दिवस. दोघं एकाच घरात आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. मधल्या मध्ये मी दोन वेळा चहा करते, दोन खोल्यांत नेऊन देते.

कोण बरोबर हे ठरवायला मी हा धागा काढलेला नाही. ते आमच्याच्याने होणार नाही. मला एवढंच विचारायचंय की तुमच्या घरात, तुमच्या सिनेगॉगच्या कमिटीत, अशी वेळ आल्यावर काय केलंत? आपण मराठी ज्यू, बेने इस्राएल, महाराष्ट्रात मूठभर उरलोय, २०११ च्या जनगणनेत अडीच हजारसुद्धा भरलो नाही. एवढ्याशा समाजात अबोला परवडत नाही.

बिगर-ज्यू मंडळींनीही जरूर लिहा. शेजाऱ्याला कधी कधी जास्त दिसतं.

---

पेणचा_पोर

चहा दोन खोल्यांत नेऊ नका. एकाच खोलीत ठेवा. ज्याला हवा तो येईल. आमच्या आईने बाबा आणि काकांचं भांडण याच युक्तीने सोडवलं होतं. मुद्दा शेतीच्या बांधाचा होता, पण चहा तोच.

---

वाकड्या_वाटा

बेने इस्राएल समाजाबद्दल मला फारच कमी माहिती आहे, म्हणून विचारतो. तुम्ही शतकानुशतकं कोकणात आहात, आडनावं पेणकर, किहीमकर, रोहेकर, घरात मराठी. मग "मूळ भूमी" हा प्रश्न अजून जिवंत कसा?

---

ठाण्याची_थोरली

@वाकड्या_वाटा, प्रश्न रास्त आहे. आमच्यात सांगतात ते असं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात बायका आणि सात पुरुष वाचले. जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं. वाचलेल्यांची पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली. लक्षात राहिली ती "शेमा" ही प्रार्थना, शनवारची सुट्टी, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली.

आणि तरीही यरुशलेमचं मंदिर पडल्याचा उपास आम्ही धरतो. त्याला आमच्या जुन्या बायका "बिरड्याचा सण" म्हणायच्या, कारण उपास सोडायचा तो केळीच्या पानावर वालाचं बिरडं वाढून. हजारो मैलांवरच्या मंदिराचं दुःख, आणि पानात वाल. आता यातलं मूळ कोणतं आणि फांदी कोणती, तुम्हीच सांगा.

---

कडवे_वाल

बिरड्याचा सण!! आम्ही अलिबागचे, वालाचा एवढा मान आमच्यातही नाही. थोरल्या ताई, पाककृती वेगळ्या धाग्यात हवीच.

---

लोदचा_मराठी

मी १९७३ पासून इस्राएलमध्ये, लोदला आहे. मामांच्या बाजूने लिहितोय हे आधीच सांगतो.

आम्ही इथे आलो तेव्हा घरच्यांनी मुंबईत सगळं विकलं होतं. वडील रेल्वेत होते, चांगली नोकरी होती. भारतात आम्हाला कुणी कधी ज्यू म्हणून दगड मारला नाही. हे मी इथल्या प्रत्येक माणसाला सांगतो आणि बहुतेकांचा विश्वास बसत नाही. मग का आलो? कारण वडील दररोज सकाळी पूर्वेकडे तोंड करून... नाही, मुंबईहून यरुशलेम पश्चिमेला, पश्चिमेकडे तोंड करून प्रार्थना करायचे, आणि त्या प्रार्थनेत परत जाण्याचं मागणं असायचं. ते म्हणाले, रोज मागायचं आणि दार उघडलं की जायचं नाही, हे खोटं बोलणं झालं. एवढंच कारण होतं.

७ ऑक्टोबर २०२३ ला सकाळी भोंगे वाजले. त्या एका दिवसात बाराशेच्या आसपास माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओढून नेली. माझी बहीण अश्कलोनला राहते. ती दोन दिवस जिन्याखालच्या खोलीत होती आणि फोनवर माझ्याशी मराठीतून बोलत होती, कारण भीती वाटली की तिला हिब्रू सुचत नाही. तुमची भाची चांगलीच मुलगी असणार. पण ज्याचा नातू वर्दीत आहे त्या माणसासमोर, सणाच्या रात्री, ते वाक्य फार खोल जातं. मामा रागावले असं नका समजू. घाबरलेला म्हातारा माणूस बहुतेक वेळा रागावलेलाच दिसतो.

---

पुण्यातली_रिव्का

मी ती भाची नाही, पण असू शकले असते.

@लोदचा_मराठी काका, तुमच्या बहिणीचं वाचून पोटात गोळा आला. ७ ऑक्टोबरला जे झालं त्याला माझ्याकडे कसलंही "पण" नाही. माझं म्हणणं त्यानंतरचं आहे. गाझामध्ये हजारो मुलं मेली आहेत. मी ज्या धर्मात वाढले त्याने मला शिकवलं की मिसरमध्ये तुम्ही परके होतात, म्हणून परक्याला छळू नका. हे वाक्य मला हग्गादाच्या रात्रीच सर्वात जास्त आठवतं. मग त्याच रात्री मी गप्प बसायचं?

आणखी एक. कॉलेजात मला सगळे विचारतात, "तुमच्या देशात काय चाललंय?" माझा देश हा आहे. माझा पासपोर्ट इथला, आजोबा इथल्या सैन्यात होते. मला इस्राएलबद्दल ममत्व आहे, माझे अर्धे नातेवाईक तिथे आहेत, पण तिथल्या सरकारची वकिली माझ्याकडे कुणी दिली? आणि मी टीका केली की घरचे म्हणतात "घरचं भांडण बाहेर नको". म्हणजे बाहेर मी इस्राएली आणि घरात मी परकी.

---

सागरगड

@पुण्यातली_रिव्का, तुमचं म्हणणं समाजाला नवं नाही, हे सांगावंसं वाटतं. जुन्या कागदांचा थोडा नाद आहे मला.

१८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पहिली झायोनिस्ट परिषद भरली, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये स्वतःची भूमी हवी म्हणणाऱ्यांची. तिचं आमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएलांनाही आलं होतं. त्यांनी नम्रपणे नाकारलं. कारण धार्मिक होतं: आम्हाला परत न्यायचं तर देवाचा हात नेईल, त्याची वाट पाहू. म्हणजे यरुशलेमवर प्रेम पूर्ण आणि परिषदेला नकार, दोन्ही एकाच पत्रात. पुढे विसाव्या शतकात मुंबईत झायोनिस्ट संघटना उभी राहिली, सभा झाल्या, निधी गोळा झाला, आणि समाजात दोन्ही मतांची माणसं राहिली.

१९१७-१८ मध्ये तर बेने इस्राएलांच्या दोन मोठ्या संस्था वर्षभराच्या अंतराने निघाल्या, परिषद आणि लीग. वादाचा एक विषय इथलाच होता, देशाच्या राजकारणात समाजाने समाज म्हणून किती पडायचं. डॉ. अब्राहम एरुलकर बेने इस्राएल, आणि गांधीजींच्या उपासांत त्यांची प्रकृती पाहणारे डॉक्टर. त्याच गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिलं की इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं. त्याच्या थोडंच आधी, १९३७-३८ मध्ये, मुंबईचे महापौर होते डॉ. ई. मोझेस, तेही बेने इस्राएल. महालक्ष्मीचा तो रस्ता त्यांच्याच नावाचा. त्या काळी एकेका घरात जेवताना काय काय बोलणी झाली असतील याचा विचार करा.

---

बाभळीचे_काटे

इतिहास ठीक आहे हो. पण आज प्रश्न साधा आहे. आपली माणसं एकीकडे, त्यांना मारायला निघालेले दुसरीकडे. यात "दोन्ही मतं" कसली? भाचीचे कान कुणी तरी वेळेवर धरायला हवे होते.

---

माझगावकरीण

@बाभळीचे_काटे, कान धरून मत बदलत नाही, दादा.

मी मुसलमान आहे. शिकले सर एली कदूरी शाळेत, माझगावला. १८७५ मध्ये हायम सॅम्युअल केहिमकरांनी बेने इस्राएल मुलांसाठी काढलेली शाळा. ज्यू कुटुंबं इस्राएलला गेली, आणि आता वर्ग भरतात ते जवळजवळ सगळे मुसलमान मुलांनी. तरी शाळेत ज्यू सणांच्या सुट्ट्या. आम्हाला लहानपणी ते जगातलं सर्वात साधं वाटायचं.

आमच्या बाई ज्यू होत्या. गाझावरून एकदा बातम्या वाईट होत्या, वर्गात एका मुलाने रागाने काही तरी बोललं. बाईंनी त्याला बाहेर काढलं नाही. म्हणाल्या, "तुझा तिथे कोण आहे?" तो म्हणाला, कुणी नाही. बाई म्हणाल्या, "माझी बहीण आहे. आता तू पुन्हा बोल, मी ऐकते." तो रडला. मग बाईपण रडल्या. हे मला तीस वर्षं आठवतंय.

ताई, तुमच्या मामांना आणि भाचीला हेच एकमेकांना विचारू द्या. तुझं तिथे कोण आहे? तुला कुणासाठी दुखतंय?

---

पेणचा_पोर

माझगावकरीण ताई, काय लिहिलंत!

---

तंजावरी_तडका

थोडं अवांतर. आम्ही तंजावरचे मराठी. साडेतीनशे वर्षं झाली, घरात मराठी बोलतो, पण ऐकून तुम्ही हसाल अशी. महाराष्ट्र आमची मूळ भूमी म्हणतो, पण पुण्याला गेलो की तिथले विचारतात "तुम्ही मद्रासी का?" लोदच्या काकांना हा अनुभव आला का, असं विचारायचं होतं. म्हणजे ज्या भूमीची आठवण काढत जगलो, तिनेच "तू कोण?" विचारायचं.

---

दिमोनाची_नात

@तंजावरी_तडका, आला का? बसून वाचा.

माझे आजोबा १९५० मध्ये इस्राएलला गेले. रणरणतं वाळवंट, तंबू, मग पत्र्याची घरं. आजोबा सांगायचे की रेशनच्या रांगेत इतरांना पांढरा पाव आणि आम्हाला काळा, कारण तुम्ही काळे. हे त्यांनी कुणाच्या नावाने सांगितलं नाही आणि मीही सांगणार नाही, पण ते वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलंय. १९५१-५२ मध्ये शंभराहून जास्त बेने इस्राएलांनी धरणं धरलं: आम्हाला भारतात परत पाठवा. त्यांना खरोखर विमानाने मुंबईला परत आणलं. आजोबा त्यांच्यात होते.

आणि पुढे? त्यातले बरेच जण काही वर्षांनी पुन्हा इस्राएललाच गेले. आजोबासुद्धा. आजी म्हणायची, "या माणसाला समुद्राच्या दोन्ही काठांना करमत नाही."

त्यानंतर दहा वर्षांनी लग्नांचं प्रकरण. तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, सूचना निघाल्या की बेने इस्राएलांशी इतर ज्यूंचं लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. दोन हजार वर्षं शनवार पाळला, आणि आता दाखला द्या! आमच्या माणसांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं, भारतातूनही निषेध गेले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटला, म्हणजे इस्राएलच्या संसदेला, म्हणावं लागलं की बेने इस्राएल सर्व बाबतीत ज्यू आहेत. माझ्या आत्याचं लग्न त्याच गडबडीत अडकलं होतं. एका कार्यालयात तिला आजीच्या आजीचं नाव विचारलं. तिने सांगितलं, गावासकट.

म्हणून @पुण्यातली_रिव्का, इस्राएलवर टीका करणं म्हणजे घरद्रोह, असं तुला कुणी म्हणालं तर माझ्या आजोबांचं सांग. त्यांनी त्या देशात राहून, त्या देशाच्या दारात बसून भांडण केलं. आणि मेले तिथेच, त्यांच्या इच्छेने. टीका आणि माया एका माणसात मावतात. मी पाहिलंय.

@लोदचा_मराठी काका, तुमच्याशी मात्र एका गोष्टीत सहमत. वेळ. ताटावर नको होतं.

---

सागरगड

दिमोनाची नात, तुमच्या आजीचं वाक्य मी लिहून ठेवलं.

"दोन हजार वर्षं" यावर एवढंच जोडतो की किती वर्षं याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात मात्र दोन्ही धागे सापडले, पश्चिम आशियातले ज्यू पूर्वज आणि इथले भारतीय पूर्वज. म्हणजे थोरल्या ताईंच्या पानातला वाल रक्तातही आहे.

---

कमिटीतला_मुकादम

कमिटीचं विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या सिनेगॉगचं नाव घेत नाही, कारण ठराव समाजाचा आहे, माझा एकट्याचा नाही.

ऑक्टोबर २०२३ नंतरच्या पहिल्या सभेत आमच्याकडे मिन्यान (प्रार्थनेला लागणारे किमान दहा पुरुष) जेमतेम झालं होतं, दहा-बारा पुरुष, बाजूला बायका, आणि त्यात चार मतं. एकाचं म्हणणं बाहेर इस्राएलचा झेंडा लावा. दुसऱ्याचं, आपण भारतीय, झेंडा कुठलाच नको. तिसरा म्हणाला, पोलीस पहारा आधीच आहे, तो २६/११ ला नरीमन हाऊसवर हल्ला झाल्यापासून, आणखी कुणाचं लक्ष का वेधायचं? चौथ्या होत्या एक आजी. म्हणाल्या, झेंडा राहू द्या, ओलिसांसाठी स्तोत्रं कोण वाचणार ते सांगा.

आम्ही ठरवलं ते असं. तेवाच्या (प्रार्थना चालवायच्या चौथऱ्याच्या) समोर, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी, राजकारण नाही. ओलिसांची सुटका, जखमींचं बरं होणं, आणि "सर्व रहिवाशांना शांती" एवढं मागायचं. "सर्व" या शब्दावर पाऊण तास गेला. शेवटी राहिला. भारताच्या राष्ट्रपतींसाठी प्रार्थना नेहमीसारखीच. आणि शब्बाथ, म्हणजे शनवार, संपल्यावर, हवदाला ही निरोपाची प्रार्थना झाली की, मागच्या खोलीत ज्याला बोलायचं त्याने बोलायचं. तिथे दोन नियम: ज्याचं कुणी तिकडे आहे तो आधी बोलेल, आणि गेलेल्या माणसांची संख्या कुणी कुणाच्या तोंडावर फेकणार नाही.

दोन कुटुंबं तरी रुसली. एक परत आलं, एक अजून येत नाही. मी दर सणाला त्यांच्या घरी मलिद्याचं ताट नेऊन देतो. घेतात. दार पूर्ण उघडत नाहीत, पण ताट घेतात.

---

बाभळीचे_काटे

कान धरण्याचं मी रागाच्या भरात लिहिलं. मागे घेतो. मत तेच आहे. पण मुकादमांचा पहिला नियम मला पटला.

---

कडवे_वाल

अलिबागकर म्हणून एक. इस्राएल आळीतलं १८४८ चं मागेन आबोथ सिनेगॉग आम्ही लहानपणापासून बघतोय. सुट्टीत इस्राएलहून पाहुणे येतात, गाडीतून उतरतात आणि पहिलं विचारतात, "अमक्यांचं घर कुठे होतं?" घर नसतं. विहीर असते किंवा चिंच असते. मग त्या चिंचेचा फोटो. एका आजोबांनी आमच्या अंगणातली मूठभर माती पुडीत बांधून घेतली. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही तर पवित्र भूमीत राहता. ते म्हणाले, "तिकडची माती सगळे इथे आणतात. मी इथली तिकडे नेतो."

---

लोदचा_मराठी

कडवे_वाल, ते आजोबा मी नाही, पण माझ्या कपाटात रेवदंड्याची वाळू आहे.

तंजावरच्या मित्राला उत्तर राहिलं. हो, इथे आम्हाला "होदी", म्हणजे भारतीय, म्हणतात, आणि मी ते अभिमानाने लावून घेतलंय. १ मेला आम्ही महाराष्ट्र दिन करतो. 'मायबोली' नावाचा मराठी अंक इथूनच निघतो. रामल्याच्या दुकानात पोहे, वाल, गरम मसाला सगळं मिळतं. चिकाचा हलवा माझी सून करते, ती मोरोक्कन आहे, आणि माझ्या बायकोपेक्षा चांगला करते. बायकोला सांगू नका.

@पुण्यातली_रिव्का, बेटा, तुझं "बाहेर मी इस्राएली आणि घरात मी परकी" हे काल रात्रीपासून डोक्यात आहे. मला इथे पहिली दहा वर्षं याच्या नेमकं उलट व्हायचं. तुझ्या मताशी माझं जमणार नाही. पण तू लोदला आलीस तर माझ्याकडे उतर. भांडू, जेवू.

---

पुण्यातली_रिव्का

येईन काका. हलवा तुमच्या सुनेच्या हातचा.

---

ठाण्याची_थोरली

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, माफ करा. मधे सण संपला.

पेणच्या पोराचं ऐकून चहा एकाच खोलीत ठेवला. पहिल्या दिवशी दोघंही आले नाहीत, दोन्ही कप मी प्याले. दुसऱ्या दिवशी भाची आली. तिसऱ्या दिवशी मामा, पण वर्तमानपत्र तोंडासमोर.

मग मी माझगावकरणीचं लिहिलेलं दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं, बाईंचा प्रसंग. मामांनी पेपर खाली ठेवला आणि भाचीला विचारलं, "तुझं तिथे कोण आहे?" ती म्हणाली, "तुमचा नातू आहे. तो लहानपणी इथे आला होता तेव्हा मी त्याला पोहायला शिकवलं होतं. मला त्याचीही भीती वाटते, त्याच्या हातून काही होईल याचीही." मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मलाही."

मत कुणाचंच बदललेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. रविवारी मामांना नवगावला जायचं होतं, गाडी भाचीने चालवली. वडखळ नाक्यापर्यंत दोघं भांडत होते, १९४८ च्या युद्धावरून, १९६७ च्या युद्धावरून, आणि मला मागच्या सीटवर झोप लागली. जागी झाले तेव्हा नवगावच्या दफनभूमीशी पोचलो होतो. मामा बुडालेल्यांच्या जागेपाशी उभे राहून शेमा म्हणत होते, वारा खूप होता, त्यांची टोपी दोनदा उडाली. दुसऱ्यांदा उडाल्यावर भाचीने ती उचलली, आणि त्यांचं म्हणून होईपर्यंत त्यांच्या डोक्यावर हाताने धरून ठेवली.

@कडवे_वाल, बिरड्याची पाककृती उद्या टाकते. मोड आलेले वाल मात्र सोलायला दोन माणसं हवीत, एकट्याचं काम नाही.